बुडापेस्टची सहा कलमे

५ डिसेंबर १९९४ रोजी, युरोपातील सुरक्षा व सहकार्य परिषदेच्या शिखर-बैठकीनिमित्त पन्नासाहून अधिक राष्ट्रांचे प्रतिनिधी हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्ट येथे, जमले असताना चार नेत्यांनी एका लहानशा दस्तऐवजावर सह्या केल्या. रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन, अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन, ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर आणि जेमतेम पाच महिन्यांपूर्वी युक्रेनच्या अध्यक्षपदी निवडून आलेले लिओनिद कुच्मा हे ते चौघे. दस्तऐवजात कलमे अवघी सहा. युक्रेनचे स्वातंत्र्य, सार्वभौमत्व आणि त्या घटकेस अस्तित्वात असलेल्या सरहद्दी यांचा मान राखू, हे पहिले. त्या देशाविरुद्ध बळाचा वापर करणार नाही आणि तशी धमकीही देणार नाही, हे दुसरे. आर्थिक दडपण आणून त्याच्या सार्वभौम अधिकारांना आपल्या स्वार्थापुढे वाकवणार नाही, हे तिसरे. त्याच्यावर अण्वस्त्रांनिशी आक्रमण झाले तर सुरक्षा परिषदेकडे तातडीने धाव घेऊ, हे चौथे. आपण स्वतः त्याच्यावर अण्वस्त्र टाकणार नाही, हे पाचवे. आणि या वचनांविषयी काही प्रश्न उपस्थित झालाच तर एकत्र बसून विचारविनिमय करू, हे सहावे. याच्या मोबदल्यात युक्रेनने जे दिले ते मात्र लहान नव्हते. जगातील तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा त्या देशाने सोडून दिला.

रशिया आणि युक्रेन यांच्यातील युद्धाची चर्चा आपल्याकडे होते तेव्हा ती बहुधा फेब्रुवारी २०२२ पासून, आणि थोडी खोलात शिरली तर नाटोच्या पूर्वेकडील विस्तारापासून, सुरू होते. मला असे वाटते की या कलहाचे मर्म ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याने प्रथम ही सहा कलमे समोर ठेवावीत, आणि मग गेल्या तीस वर्षांतील घटना एकेक करून त्यांच्या शेजारी मांडाव्यात. कारण त्या घटनांतील जवळजवळ प्रत्येकीने यांपैकी कोणत्या ना कोणत्या कलमाचा भंग केला आहे, आणि आज कीव्ह, वॉशिंग्टन, पॅरिस व मॉस्को यांच्यामध्ये ज्या प्रश्नावर वाटाघाटी अडून बसतात, तो प्रश्नही बुडापेस्टमध्ये अनुत्तरित राहिलेलाच प्रश्न आहे.

सोव्हिएत संघराज्य मोडले ते १९९१ च्या अखेरीस. २४ ऑगस्ट रोजी युक्रेनच्या विधिमंडळाने, म्हणजे वेर्खोव्ना राडाने, स्वातंत्र्याची घोषणा केली होती. १ डिसेंबरच्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी तिला कौल दिला. आणि त्यानंतर आठवडाभराने बेलारूसमधील बेलोवेझच्या अरण्यात येल्त्सिन, युक्रेनचे लिओनिद क्राव्चुक व बेलारूसचे स्तानिस्लाव शुश्केविच या तिघांनी संघराज्याच्या विसर्जनावर शिक्कामोर्तब केले. संयुक्त कुटुंबाची वाटणी होताना जमीनजुमल्याबरोबर न मागितलेल्या वस्तूही वाट्यास येतात, तशी युक्रेनच्या वाट्यास १७६ आंतरखंडीय क्षेपणास्त्रे, चाळीसहून अधिक अवजड बाँबफेकी विमाने आणि सुमारे १,९०० व्यूहात्मक अण्वस्त्रे आली. रणांगणावर वापरावयाची लहान पल्ल्याची अण्वस्त्रे काही हजार होती. ती मे १९९२ पर्यंतच रेल्वेने रशियात रवाना झाली. राहिलेल्या क्षेपणास्त्रांचे तळ दोन होते, एक पश्चिमेकडे ख्मेल्नित्स्की येथे आणि दुसरा दक्षिणेकडे, मिकोलाईव्ह प्रांतातील पेर्वोमाइस्क येथे.

पेर्वोमाइस्कच्या त्या तळाचे एक ठाणे पोबुझ्के या गावाजवळ संग्रहालय म्हणून जतन करून ठेवलेले आहे, आणि त्याची रचना समजून घेतली म्हणजे या साठ्याचे भयंकर स्वरूप आकडेमोडीपेक्षा अधिक स्पष्टपणे ध्यानात येते. वर पाहिले तर सपाट गवताळ जमीन, काटेरी तारांचे कुंपण आणि काही बैठ्या इमारती. पण त्याखाली सुमारे पंचेचाळीस मीटर खोल विहीर खणलेली, आणि तीत बारा मजल्यांचे एक पोलादी नळकांडे टांगलेले, असे की जवळपास अणुस्फोट झाला तरी त्याचा हादरा आतल्या यंत्रांना बसू नये. एका अरुंद उद्वाहकातून खाली उतरले की अकराव्या मजल्यावर पहाऱ्याची कोठडी लागते. तेथे खुर्च्यांना पट्ट्यांनी जखडून घेतलेले दोन अधिकारी सहा-सहा तासांच्या पाळीने बसत. बाराव्या मजल्यावर त्यांच्या विश्रांतीची जागा. मॉस्कोहून आज्ञा आली तर दोघांनी आपापली किल्ली एकाच क्षणी फिरवावयाची, एकट्याने फिरवून काही होऊ नये, अशी योजना. ही माणसे १९९१ पर्यंत एका राज्याच्या चाकरीत होती, आणि त्यानंतर कोणाच्या चाकरीत आहोत हे त्यांना काही महिने नीटसे सांगता येत नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तळ युक्रेनच्या भूमीवर, त्यांचा पहारा आणि देखभाल क्रमाक्रमाने युक्रेनच्या हाती, परंतु क्षेपणास्त्र सोडण्याचे संकेतांक मॉस्कोत. सोव्हिएत संघराज्याच्या जागी स्थापन झालेल्या स्वतंत्र राष्ट्रांच्या मंडळाने असे ठरवले होते की अण्वस्त्रवापराचा निर्णय रशियाच्या अध्यक्षांनी युक्रेन, बेलारूस आणि कझाकस्तान यांच्या प्रमुखांच्या संमतीने घ्यावा. म्हणजे क्राव्चुक यांना नकार देण्याचा अधिकार होता, हुकूम देण्याचा नव्हता. कबजा एकाचा आणि मुखत्यारी दुसऱ्याची, अशी ही चमत्कारिक अवस्था होती. युक्रेनमध्ये कुशल अभियंत्यांची वाण नव्हती, द्नीप्रोपेत्रोव्स्कच्या ज्या प्रचंड कारखान्यात यांपैकी काही क्षेपणास्त्रे घडली त्याचे संचालक पूर्वी स्वतः कुच्माच होते. त्यामुळे कालांतराने संकेतांकांचे कुलूप फोडणे अशक्य ठरले नसते, असे मानणारे तज्ज्ञ होते आणि आहेत. परंतु अण्वस्त्रे ठेवायची म्हणजे त्यांतील विस्फोटक द्रव्ये ठरावीक काळाने बदलावी लागतात, त्यासाठी युरेनियम समृद्ध करण्याचे व प्लुटोनियम वेगळे काढण्याचे कारखाने लागतात, चाचण्यांची जागा लागते, आणि यांतील काहीही त्या देशापाशी नव्हते.

त्यात लोकभावनेचाही विचार केला पाहिजे. चेर्नोबिलची दुर्घटना २६ एप्रिल १९८६ ची. युक्रेनच्या स्वातंत्र्याच्या चळवळीला जे बळ मिळाले त्यात मॉस्कोने त्या दुर्घटनेची वार्ता दडवून ठेवल्याच्या संतापाचा वाटा मोठा होता. म्हणून १६ जुलै १९९० रोजी, संघराज्य अजून उभे असतानाच, राडाने सार्वभौमत्वाचा जो जाहीरनामा मंजूर केला त्यातच अण्वस्त्रे स्वीकारणार नाही, बनवणार नाही आणि मिळवणार नाही, अशी त्रिविध प्रतिज्ञा नमूद होती. तथापि राज्य हाती आल्यावर या प्रतिज्ञेचा पुनर्विचार करावा असे म्हणणारा पक्ष राडामध्ये निर्माण झाला, आणि त्याला कारण रशियानेच पुरवले. जुलै १९९३ मध्ये रशियाच्या संसदेने सेव्हास्तोपोल हे क्रिमियातील बंदर रशियाचे शहर असल्याचा ठराव केला. येल्त्सिन यांनी त्या ठरावाविषयी नापसंती दर्शवली, सुरक्षा परिषदेनेही तो अमान्य ठरवला. पण शेजारच्या घरातून असा आवाज एकदा ऐकू आल्यावर आपल्या हातातील शस्त्र खाली ठेवताना कोणता शहाणा मनुष्य मोबदल्यात काही मागणार नाही?

युक्रेनने तीन गोष्टी मागितल्या: शस्त्रे मोडण्याचा खर्च, शस्त्रांतील युरेनियमची किंमत आणि सुरक्षिततेची हमी. पहिल्या दोहोंचा हिशेब त्यामानाने लवकर जुळला. १४ जानेवारी १९९४ रोजी मॉस्कोत क्लिंटन, येल्त्सिन आणि क्राव्चुक यांनी जे त्रिपक्षीय निवेदन काढले, त्याच्या पुरवणीत असे ठरले की दहा महिन्यांत युक्रेनने किमान २०० अण्वस्त्रे रशियाच्या हवाली करावीत आणि रशियाने युक्रेनच्या वीजकेंद्रांसाठी १०० टन अणुइंधन पुरवावे, त्यापोटी अमेरिकेने ६ कोटी डॉलर आगाऊ द्यावेत. त्या दिवसांतील युक्रेनची दशा पाहता हा व्यवहार नाकारणे सोपे नव्हते. १९९३ साली तेथील महागाईचा वार्षिक दर दहा हजार टक्क्यांच्या वर गेला होता. गॅस आणि तेल यांसाठी तो देश जवळजवळ पूर्णपणे पूर्वेकडे तोंड करून होता. आणि अण्वस्त्रे ठेवल्यास रशियाबरोबर अमेरिकाही शत्रू होईल, एकही डॉलर मदत मिळणार नाही, हे त्यास स्वच्छ शब्दांत सांगण्यात आले होते.

तिसऱ्या मागणीचे मात्र बुडापेस्टमध्ये जे झाले ते असे झाले, की वचने सर्व मिळाली आणि वचनभंगाचे उत्तर कोठेच लिहिले गेले नाही. कोणी सरहद्द ओलांडली तर कोण फौज धाडील, किती दिवसांत धाडील, शस्त्रे कोण पुरवील, यांविषयी सहाही कलमे मूक आहेत. सुरक्षा परिषदेकडे जाण्याची गोष्ट आहे, पण तीही अण्वस्त्रांच्या प्रसंगापुरती, आणि ज्या परिषदेत प्रतिवादी स्वतःच नकाराधिकार बाळगून बसला आहे तिच्याकडे. अमेरिकेच्या मुत्सद्द्यांनी हा मसुदा मुद्दाम असा बेतला होता, कारण सैनिकी बांधिलकीचा तह सिनेटमधून मंजूर करून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. युक्रेनच्या शिष्टमंडळाला हे कळत होते. तरीही १६ नोव्हेंबर १९९४ रोजी राडाने ३०१ विरुद्ध ८ मतांनी अण्वस्त्रप्रसारबंदी करारात सामील होण्याचा ठराव मंजूर केला, आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत बुडापेस्टच्या सह्या झाल्या. त्याच दिवशी, त्याच शहरात, येल्त्सिन यांनी नाटोच्या विस्ताराविरुद्ध भाषण करताना युरोप एका थंड शांततेच्या गर्तेत जाईल असा इशारा दिला होता. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या, हे इतिहासाच्या वाचकाने विसरू नये.

कुच्मा आणि त्यांचे सहकारी भोळे होते, असा निवाडा आज अनेक जण देतात. अमेरिकेतील जॉन मेअर्शायमर या राज्यशास्त्रज्ञाने तर १९९३ मध्येच लिहिले होते की युक्रेनने अण्वस्त्रे सोडू नयेत. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. दिवाळखोरीच्या काठावर उभे असलेले, तीन वर्षांचे वय असलेले राज्य, ज्या शस्त्राचा चाप दुसऱ्याच्या हाती आहे त्या शस्त्रासाठी साऱ्या जगाशी वैर पत्करील, ही अपेक्षा घरात बसून करावयाची अपेक्षा आहे. वचन देणाऱ्यांचा दोष वचनावर विसंबणाऱ्याच्या माथी मारण्याची प्रथा जर आपण मान्य केली, तर राष्ट्राराष्ट्रांत कोणताही तह होणे नको.

युक्रेनने आपला शब्द अक्षरशः पाळला. १ जून १९९६ रोजी शेवटची अण्वस्त्रे रशियाकडे रवाना झाली. तीन दिवसांनी पेर्वोमाइस्क येथे, जेथे क्षेपणास्त्राची विहीर होती त्या जागी, अमेरिकेचे संरक्षणमंत्री विल्यम पेरी, रशियाचे पावेल ग्राचोव्ह आणि युक्रेनचे व्हालेरी श्मारोव्ह यांनी सूर्यफुलाची रोपे लावली. तिघांच्या हाती फावडी असलेली त्या समारंभाची छायाचित्रे तेव्हा जगभर छापून आली. शेवटची विहीर ३० ऑक्टोबर २००१ रोजी सुरुंगाने उडवण्यात आली.

विमानांची कथा अधिक वेदनादायक आहे. प्रिलुकी येथे टीयू-१६० जातीची १९ स्वनातीत विमाने उभी होती. त्यांतली बरीच अमेरिकेच्या पैशाने कापून भंगारात काढली गेली. परंतु १९९९ च्या अखेरीपासून २००० च्या आरंभापर्यंत त्यांपैकी ८, शिवाय टीयू-९५ जातीची ३ विमाने आणि पाचशेहून अधिक क्रूझ क्षेपणास्त्रे युक्रेनने रशियाला दिली, ती गॅसच्या थकबाकीपोटी. सुमारे २८.५ कोटी डॉलरची बाकी या व्यवहारात वळती झाली. पुढे २०२२ च्या हिवाळ्यात युक्रेनच्या शहरांवर पडलेल्या क्षेपणास्त्रांच्या अवशेषांत त्याच जातीची, अण्वस्त्राऐवजी निष्क्रिय वजन बसवलेली, क्षेपणास्त्रे आढळली, आणि आपणच परत केलेल्या साठ्यातील ही शस्त्रे आहेत असे युक्रेनच्या लष्करी गुप्तवार्ता खात्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. देणे फेडण्यासाठी सावकाराच्या हवाली केलेली तलवार आपल्याच लेकराबाळांवर उगारली गेलेली पाहणे, याहून मोठी विटंबना राष्ट्राच्या वाट्यास कोणती येणार?

गॅसच्या थकबाकीचा उल्लेख आला, तेव्हा तिसऱ्या कलमाकडे वळणे ओघाने येते. १९९७ च्या मे महिन्यात काळ्या समुद्रातील जुन्या सोव्हिएत आरमाराची वाटणी झाली, पाचात चार हिस्से जहाजे रशियाकडे गेली, आणि सेव्हास्तोपोल बंदराचा वापर रशियाला २०१७ पर्यंत भाडेपट्ट्याने मिळाला. भाडे वर्षाला सुमारे ९.८ कोटी डॉलर, आणि तेही रोख न देता गॅसच्या कर्जातून वळते व्हावयाचे. त्याच महिन्यात येल्त्सिन यांनी कीव्हमध्ये मैत्रीच्या तहावर सही करून युक्रेनच्या सरहद्दी पुन्हा एकदा मान्य केल्या. २००४ मध्ये निवडणुकीतील लबाडीविरुद्ध लोक नारिंगी झेंडे घेऊन कीव्हच्या चौकात बर्फात बसले, सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्द केला, फेरमतदानात पश्चिमेकडे कल असलेले व्हिक्टर युश्चेन्को अध्यक्षपदी निवडून आले. आणि त्यानंतर जानेवारी २००६ मध्ये व पुन्हा जानेवारी २००९ मध्ये ऐन थंडीत गॅसच्या तोट्या बंद झाल्या. दर आणि थकबाकी यांचे वाद खरे होते, युक्रेनमधील दलालांचे भ्रष्ट व्यवहारही खरे होते, हे मी नाकारत नाही. पण ज्या सरकारचे धोरण मॉस्कोला रुचते त्याला गॅस स्वस्त आणि न रुचणाऱ्यास महाग, हा शिरस्ता इतका नियमित होता की त्याला निव्वळ व्यापार म्हणणे कठीण आहे.

एप्रिल २०१० मध्ये या नात्याचे दर्शन भर सभागृहात घडले. नवे अध्यक्ष व्हिक्टर यानुकोविच यांनी खारकीव्ह येथे रशियाचे अध्यक्ष मेद्वेदेव यांच्याशी करार करून सेव्हास्तोपोलचा भाडेपट्टा २०४२ पर्यंत वाढवला, आणि मोबदल्यात दर हजार घनमीटर गॅसमागे १०० डॉलरपर्यंत सवलत मिळवली. २७ एप्रिल रोजी हा करार राडापुढे मंजुरीस आला तेव्हा विरोधकांनी धुराचे गोळे फोडले आणि सभापतींवर अंड्यांचा मारा केला. सभापती लित्विन यांनी दोन्ही बाजूंस उघड्या छत्र्यांचा आडोसा धरवून धुराने भरलेल्या सभागृहात कामकाज चालवले, आणि २३६ मतांनी ठराव संमत झाला. चार वर्षांनी, ज्या आरमारी तळाचे भाडे गॅसच्या दरात वळते होत होते, त्याच तळाच्या आधाराने क्रिमिया बळकावला गेला.

त्या चार वर्षांतही युक्रेनच्या विश्वासात खंड पडला नव्हता. ४ डिसेंबर २००९ रोजी अमेरिका आणि रशिया यांनी संयुक्त निवेदनाद्वारे बुडापेस्टची वचने कायम असल्याची ग्वाही दिली होती. त्यावर विसंबून युक्रेनने आपल्या संशोधनकेंद्रांतील अतिसमृद्ध युरेनियमही मार्च २०१२ पर्यंत रशियाकडे पाठवून दिले. एप्रिल २०१३ मध्ये मात्र एक सूचक घटना घडली. बेलारूसलाही १९९४ मध्ये असाच दस्तऐवज मिळाला होता, आणि अमेरिकेचे निर्बंध म्हणजे त्यातील आर्थिक कलमाचा भंग होय अशी तक्रार त्या देशाने केली. तेव्हा मिन्स्कमधील अमेरिकी वकिलातीने उत्तर दिले की हा दस्तऐवज कायद्याने बंधनकारक नाही. कीव्हमध्ये त्या उत्तराची जेवढी दखल घ्यावयास हवी होती तेवढी कोणी घेतली नाही.

२०१३ च्या नोव्हेंबरात यानुकोविच यांनी युरोपीय संघाशी व्हावयाचा सहयोग-करार ऐन वेळी स्थगित केला, कीव्हच्या मैदान चौकात पुन्हा लोक जमले, फेब्रुवारीत तेथे रक्त सांडले, अध्यक्ष पळून गेले आणि २२ फेब्रुवारी २०१४ रोजी राडाने त्यांना पदच्युत केले. २७ फेब्रुवारीच्या पहाटे बिल्ले नसलेल्या गणवेशातील सशस्त्र सैनिकांनी क्रिमियाच्या विधिमंडळाचा ताबा घेतला. १६ मार्चला सार्वमत, १८ मार्चला विलीनीकरण. या धामधुमीत ५ मार्च रोजी पॅरिसमध्ये सहाव्या कलमाची परीक्षा झाली. युक्रेनच्या मागणीवरून विचारविनिमयाची बैठक योजली गेली. अमेरिका आणि ब्रिटन यांचे परराष्ट्रमंत्री आले, युक्रेनचे हंगामी परराष्ट्रमंत्री आंद्री देश्चित्सिया आले, रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह त्याच शहरात होते, आणि त्यांनी देश्चित्सिया यांच्याबरोबर बसण्यास नकार दिला. सहा कलमांतील सर्वांत सोपे कलम, ज्याला सैन्य लागत नाही की पैसा, नुसते एका टेबलाशी बसावे लागते, तेही कोसळले.

रशियाची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे. कीव्हमध्ये राज्यक्रांती झाली असून नव्या राज्याशी आम्ही कोणताही करार केलेला नाही, असे पुतिन मार्च २०१४ मध्ये म्हणाले. आणि बुडापेस्टच्या दस्तऐवजात आमच्यावर बंधन एकच आहे, ते म्हणजे युक्रेनवर अण्वस्त्र न टाकण्याचे, असे लाव्हरोव्ह यांनी जानेवारी २०१६ मध्ये सांगितले. पहिला युक्तिवाद मान्य केला तर कोणत्याही देशात सरकार बदलताच त्याच्या सरहद्दी बेवारस होतात. दुसऱ्याला उत्तर द्यावयास पहिली दोन कलमे वाचून दाखवणे पुरेसे आहे. क्रिमिया १९५४ पर्यंत रशियाच्या प्रजासत्ताकात होता, तेथील बहुसंख्य लोक रशियन भाषिक आहेत, हेही खरे. परंतु १९९१ च्या सार्वमतात क्रिमियाने ५४ टक्के आणि दोनेत्स्क व लुहान्स्क या प्रांतांनी ८३ टक्क्यांहून अधिक मते स्वतंत्र युक्रेनच्या पारड्यात टाकली होती. आणि क्रिमियाच्या प्राचीनत्वाचा दाखला द्यावयाचा तर मे १९४४ मध्ये स्तालिनने ज्यांना तीन दिवसांत गुरांच्या डब्यांत कोंबून मध्य आशियात हाकलले त्या तातार लोकांना प्रथम विचारले पाहिजे. नाटोचा प्रश्न अधिक गंभीर आहे. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्ट येथे नाटोने युक्रेनला सदस्यत्वाचे आश्वासन दिले, पण त्याकडे जाणारा मार्ग दिला नाही; परिणामी रशियाला चिथावणी मिळाली आणि युक्रेनला संरक्षण मिळाले नाही. या घोडचुकीचे माप पश्चिमेच्या पदरात घातलेच पाहिजे. परंतु तिने सह्या केलेल्या वचनातून रशियाची मुक्तता होत नाही.

१९ फेब्रुवारी २०२२ रोजी म्यूनिकमधील सुरक्षा परिषदेत अध्यक्ष व्होलोदिमिर झेलेन्स्की यांनी बुडापेस्टच्या सह्यादारांना पुन्हा विचारविनिमयासाठी पाचारण केले, आणि या वेळीही उत्तर आले नाही तर दस्तऐवजाच्या साऱ्या पॅकेजविषयीच शंका घेण्याचा आम्हास अधिकार राहील असे बजावले. पाच दिवसांनी रशियन फौजा सरहद्द ओलांडून आत आल्या. दुसऱ्या दिवशी सुरक्षा परिषदेतील निषेधाचा ठराव रशियाच्या नकाराधिकाराने पडला. ४ मार्च रोजी एनेरहोदार येथील झापोरिझ्झिया अणुवीजकेंद्र, सहा अणुभट्ट्यांचे, युरोपातील सर्वांत मोठे, तोफांच्या माऱ्यात रशियन सैन्याच्या ताब्यात गेले. अण्वस्त्रे देऊन टाकलेल्या देशाच्या शांततेच्या कामातील अणुभट्ट्याही ओलीस धरल्या गेल्या.

या युद्धापासून आपण महाराष्ट्रीय वाटतो तितके दूर नाही. वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली आपली शेकडो मुले खारकीव्ह व इतर शहरांतील तळघरांतून सुटून परतली आणि त्या वर्षी सूर्यफुलाच्या तेलाचा डबा महागला, हे घरोघर ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की गोव्यातील बंदराचे नाव धारण करणारी, माझगाव गोदीत बांधलेली आणि १८ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत नौदलात दाखल झालेली ‘मोर्मुगाव’ ही विनाशिका ज्या गॅस टर्बाइनवर चालते ती मिकोलाईव्ह शहरात घडवलेली आहेत, आणि तिच्यावरील ब्राह्मोस क्षेपणास्त्र भारत व रशिया यांनी मिळून विकसित केलेले आहे. ती नौका मुंबईत सजत होती तेव्हा मिकोलाईव्हवर क्षेपणास्त्रे पडत होती आणि एप्रिलपासून तेथील नळांचे गोडे पाणी तुटले होते. दोन्ही देशांशी जुळलेल्या अशा धाग्यांमुळे भारताने संयुक्त राष्ट्रांच्या २ मार्च २०२२ च्या ठरावावर तटस्थ राहणे पसंत केले. त्यामागची कारणे मी समजू शकतो. तरीही सरहद्दींचे पावित्र्य हे तत्त्व भारतासारख्या देशाने अधिक स्पष्ट स्वरात उच्चारावयास हवे होते, असे माझे मत आहे.

क्लिंटन यांनी एप्रिल २०२३ मध्ये आयर्लंडच्या दूरचित्रवाणीला मुलाखत देताना कबूल केले की युक्रेनला अण्वस्त्रे सोडावयास आपणच राजी केले, आणि त्याचे आपल्याला फार वाईट वाटते. या पश्चात्तापाने मिकोलाईव्हला पाणी मिळाले नाही, पण त्यातून एक मोठे नुकसान उघड होते. १९९५ च्या मे महिन्यात अण्वस्त्रप्रसारबंदी करार अनंत काळासाठी वाढवला गेला तेव्हा युक्रेनचे उदाहरण आदर्श म्हणून पुढे ठेवले जात असे. आज प्याँगयाँग किंवा तेहरानमधील राज्यकर्त्याला शस्त्र खाली ठेव म्हणून कोणी सांगू गेले, तर तो अण्वस्त्रांचा कार्यक्रम सोडून दिलेल्या लिबियाकडे आणि युक्रेनकडे बोट दाखवील, आणि सांगणाऱ्यापाशी देण्यासारखे उत्तर नसेल. निःशस्त्रीकरणाची ही हानी कोणत्याही एका प्रांताच्या हानीपेक्षा अधिक काळ टिकणार आहे.

म्हणूनच कीव्ह आता कागदाच्या शब्दांविषयी इतके दक्ष झाले आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारात, रशियाने पुन्हा सशस्त्र हल्ला केल्यास २४ तासांच्या आत विचारविनिमय होईल, अशी मुदत स्पष्ट नमूद करून घेण्यात आली; सहाव्या कलमात जे नव्हते ते येथे आले. त्यानंतर इतर अनेक देशांशी अशाच धर्तीचे करार झाले. १३ जून २०२४ रोजी इटलीत अध्यक्ष बायडेन यांच्याशी दहा वर्षांचा करार झाला, पण तो सिनेटपुढे गेला नाही, आणि सहा महिन्यांच्या नोटिशीने तो कोणत्याही पक्षाला संपवता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये परराष्ट्रमंत्री आंद्री सिबिहा यांनी ब्रुसेल्स येथे नाटोच्या बैठकीस जाताना बुडापेस्टच्या दस्तऐवजाची हिरवी फाईल पत्रकारांसमोर उंच धरली, आणि सदस्यत्वाच्या जागी दुसरा कोणताही पर्याय आम्ही स्वीकारणार नाही असे सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये अलास्कात ट्रम्प आणि पुतिन यांची भेट झाली, त्यानंतर तीन दिवसांनी झेलेन्स्की युरोपीय नेत्यांसह वॉशिंग्टनला गेले, आणि एका सदस्यावरील हल्ला सर्वांवरील हल्ला मानणाऱ्या नाटोच्या पाचव्या कलमासारखी हमी नाटोबाहेर राहून देता येईल काय, यावर चर्चा सुरू झाली. ४ सप्टेंबर रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी जाहीर केले की युद्धविराम झाल्यास २६ देश जमिनीवर, समुद्रात किंवा आकाशात संरक्षणाचा वाटा उचलण्यास तयार आहेत. परकीय फौजा युक्रेनमध्ये उतरल्या तर त्या आमच्या सैन्याचे रास्त लक्ष्य ठरतील, असे पुतिन यांनी दुसऱ्याच दिवशी व्लादिव्होस्तोकहून सुनावले. युक्रेनची मागणी मात्र १९९४ मधील मागणीहून आता एका बाबतीत निराळी आहे: जी काही हमी मिळेल तिच्यावर राष्ट्रप्रमुखांची नुसती सही नको, वॉशिंग्टनमधील विधिमंडळाची मंजुरी तिच्यामागे हवी.